टेकडीमाथ्यावरचा लाल ओक

सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात टोरांटोहून उत्तरेकडे जाणाऱ्या रस्त्यांवर गाड्यांच्या रांगा लागतात. तीनेक तासांच्या अंतरावर अल्गोंक्विन प्रांतीय उद्यान आहे, आणि तिथल्या शुगर मेपलना त्या दिवसांत केशरी-लाल रंग चढलेला असतो. टोरांटो, मिसिसागा, ब्रॅम्पटनमधली मराठी कुटुंबंही या गर्दीत असतात. तळ्याकाठी डबे उघडतात, फोटो निघतात आणि संध्याकाळी सगळे परततात. पंधरवड्यात मेपल उघडे पडतात, गर्दी ओसरते आणि माणसांच्या लेखी रंगांचा मोसम आटोपतो.

जंगलातल्या प्राण्यांचा मोसम मात्र तेव्हा ऐन भरात आलेला असतो. मेपलची पानं गळून गेल्यावर काही टेकड्यांच्या माथ्यांवर गडद तांबड्या रंगाची झाडं अजून भरलेली दिसतात. हे लाल ओक. त्यांच्या बुंध्याशी, पाचोळ्यात, दोन-अडीच सेंटिमीटर लांबीची, डोक्यावर चपटी टोपी असलेली कडक फळं पडलेली असतात. या फळांना ॲकॉर्न म्हणतात. अस्वल, हरीण, चिपमंक, खार, उंदीर, निळा जे पक्षी हे सगळे त्यांच्यावर तुटून पडतात, कारण पुढे पाच महिने बर्फ असणार आहे.

अल्गोंक्विनच्या झाडोऱ्यात लाल ओकचा वाटा अगदी थोडा आहे. पण जंगलात कोण किती संख्येनं आहे, यावरून कोणाचा आधार किती मोठा हे कळत नाही. या उद्यानात आणि त्याच्या आसपासच्या जंगलांत गेली सत्तर-ऐंशी वर्षं जी निरीक्षणं झाली, ती एकत्र ठेवून पाहिली की माथ्यावरच्या या थोडक्या झाडांचं वजन लक्षात येतं.

दोन जंगलांची गाठ

अल्गोंक्विनची स्थापना १८९३ सालची. क्षेत्रफळ सुमारे ७,६०० चौरस किलोमीटर, म्हणजे गोवा राज्याच्या दुपटीहून अधिक. दोन हजारांवर तळी, त्यांना जोडणारे ओढे आणि नद्या, आणि मधूनमधून वर आलेला कॅनडाचा अतिप्राचीन खडक. उद्यानाची पश्चिम बाजू उंच आहे. हिमनद्यांनी मागे टाकलेल्या मातीवर तिथे शुगर मेपल, बीच, पिवळा बर्च आणि हेमलॉक वाढतात. पूर्व बाजू सखल आणि रेताड, म्हणून पांढऱ्या आणि लाल पाइनची. दलदलीच्या कडेनं काळा स्प्रूस उभा असतो. तो अस्सल उत्तरेचा. दक्षिणेचं पानगळीचं जंगल आणि उत्तरेचं सूचिपर्णी जंगल इथे एकमेकांत मिसळतात.

लाल ओक हा या भेटीतला दक्षिणेकडचा पाहुणा. अमेरिकेत जॉर्जिया आणि अलाबामापर्यंत त्याचा विस्तार आहे. उत्तरेकडे मात्र अल्गोंक्विन ओलांडल्यावर थोड्याच अंतरावर तो संपतो. आपल्या हद्दीच्या टोकाला आलेल्या झाडाला जागा पारखून घ्यावी लागते. थंड हवा जड असते. रात्री ती उतारांवरून घसरत घळींमध्ये आणि तळ्यांभोवती साचते. मे महिन्यात उशिरा दंव गोठलं, की खालच्या भागातली कोवळी पानं आणि फुलं करपतात. माथा त्यातून पुष्कळदा बचावतो. शिवाय माथ्यावर माती पातळ आणि कोरडी. ओलावा मागणारा मेपल तिथे जोर धरत नाही, आणि खोल मुळं सोडणाऱ्या ओकला ऊन मिळतं. म्हणून इथला ओक दक्षिणेकडे तोंड केलेल्या उतारांवर आणि माथ्यांवर सापडतो.

ऊन ही त्याची मोठी गरज आहे, आणि त्या बाबतीत माणसाच्या उलाढालींचा त्याला काही काळ फायदाच झाला. एकोणिसाव्या शतकात इथले प्रचंड पांढरे पाइन तोडले गेले. ओंडके चौकोनी तासून ओटावा नदीतून खाली क्वेबेककडे आणि तिथून जहाजांनी ब्रिटनला जात. जे. आर. बूथ या लाकूड व्यापाऱ्यानं शतक संपता संपता उद्यानातून रेल्वेच काढली. तोडीनंतर मागे राहिलेल्या वाळक्या फांद्यांना आगी लागत. ओकची साल जाड, आणि वरचं खोड जळालं तरी बुंध्यातून नवे कोंब फुटतात. आगीनंतरच्या उघड्या जागेत त्यानं हातपाय पसरले. विसाव्या शतकात आगी विझवणं हे वनखात्याचं कर्तव्य ठरलं, मेपलची सावली दाटली आणि ओकची रोपं त्या सावलीत खुरटू लागली. पूर्व अमेरिकेतल्या ओकच्या जंगलांतही हेच चित्र आहे. मोठी झाडं उभी आहेत, पण त्यांच्या जागी येणारी तरुण पिढी अपुरी आहे.

या भूमीवर सरकारी उद्यान होण्याच्या कित्येक शतकं आधीपासून अल्गोंक्विन लोक राहत होते. उद्यानानं त्यांचं नाव घेतलं, पण त्यांच्या शिकारीच्या आणि सापळ्यांच्या परंपरेला हद्दीबाहेर ठेवलं. त्यांच्या भूमीहक्काच्या दाव्यावर २०१६ मध्ये कॅनडाच्या आणि ऑन्टारिओ प्रांताच्या सरकारांशी तत्त्वतः करार झाला. ओकच्या टेकड्यांवर अस्वल कधी येतं, हे संशोधकांच्या कितीतरी आधी या लोकांना ठाऊक असणार.

दोन वर्षांचं फळ

लाल ओकचं फळ पिकायला दोन उन्हाळे लागतात. मे महिन्यात नर फुलांचे तुरे लोंबतात, वारा पराग उडवून नेतो, आणि मादी फुलावर पराग पडतो. पण प्रत्यक्ष फलन व्हायला पुढच्या वर्षीचा जून उजाडतो. मधला हिवाळा ते इवलं फळ टाचणीच्या डोक्याएवढंच राहून काढतं. दुसऱ्या उन्हाळ्यात ते भरभर वाढतं आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात गळतं. पांढऱ्या ओकच्या गटातली झाडं हे सगळं एकाच हंगामात उरकतात. त्यामुळे लाल ओकचं आजचं पीक समजून घ्यायचं, तर गेल्या वर्षीचा वसंत कसा होता हेही पाहावं लागतं. तेव्हा फुलं गोठली असतील, तर यंदा झाड कितीही निरोगी असलं तरी फांद्या रिकाम्या.

भरघोस पीक दोन ते पाच वर्षांतून एकदा येतं. तेही एकट्या झाडाचं नाही; विस्तीर्ण परिसरातले ओक त्या वर्षी एकदम फळतात. शास्त्रज्ञांनी याचा उलगडा असा केला आहे: दरवर्षी सारखंच पीक आलं, तर खाणाऱ्यांची संख्या त्या पिकाला जुळवून घेईल आणि एकही बी उरणार नाही. मधली उपासमारीची वर्षं खाणाऱ्यांना कमी करतात, आणि मग अचानक इतकी फळं येतात की खाऊन खाऊन काही शिल्लक राहतातच.

खाणाऱ्यांत पहिला नंबर सोंडकिड्याचा. मादी आपल्या लांब सोंडेनं हिरव्या फळाला भोक पाडून अंडी घालते. अळी आतला गर खाते, फळ गळाल्यावर बाहेर पडते आणि मातीत शिरते. काही अळ्या तिथे एकाहून जास्त वर्षं पडून राहतात, जणू त्याही पुढच्या पिकाची वाट पाहतात.

लाल ओकच्या फळात चरबी भरपूर असते, आणि टॅनिनही भरपूर. हिरडा चघळल्यावर जीभ आखडते, तोच तुरटपणा. उत्तर अमेरिकेतल्या अनेक आदिवासी समाजांनी ॲकॉर्न कुटून, पाण्यात वारंवार धुऊन तो तुरटपणा काढायची रीत बसवली होती. खारींनी वेगळा तोडगा काढला आहे. पांढऱ्या ओकचं फळ पडताक्षणी मोड काढतं, म्हणून खार ते तिथल्या तिथे खाते, किंवा पुरण्याआधी त्याचा कोंब कुरतडून टाकते. लाल ओकचं फळ थंडी खाल्ल्याशिवाय रुजत नाही. वसंतापर्यंत जमिनीखाली टिकतं. ते पुरून ठेवायला योग्य. मायकल स्टील आणि पीटर स्मॉलवूड या अमेरिकी संशोधकांनी हा फरक प्रयोगांनी दाखवून दिला. साठवणीला चांगलं असणं हाच लाल ओकचा प्रवासाचा परवाना ठरला.

अस्वलाचा शरद

काळं अस्वल जून-जुलैत जोडी जमवतं. पण मादीच्या पोटातला गर्भ लगेच रुजत नाही. काही पेशींचा तो गोळा गर्भाशयात नोव्हेंबरपर्यंत तसाच तरंगत राहतो. तोवर मादीच्या अंगावर पुरेशी चरबी चढली, तर तो रुजतो आणि जानेवारीत, बाहेर सगळं गोठलेलं असताना, गुहेत पिल्लं जन्मतात. चरबी कमी पडली, तर तिचं शरीर तो गोळा शोषून टाकतं. त्या वर्षी पिल्लं नाहीत.

म्हणजे आईपणाचा निर्णय उन्हाळ्यातल्या भेटीत होत नाही. तो शरदातल्या पोटभर अन्नावर होतो. या दिवसांत अस्वल दिवसातले बहुतेक तास खात असतं आणि २० हजार कॅलरींपर्यंत मजल मारतं. ऑगस्टपर्यंत बेरी असतात. त्या संपल्यावर पश्चिमेकडच्या जंगलात बीचची फळं, झुडपांमधले हेझलनट, आणि माथ्यावर ओक. अस्वल फळं गळायचीही वाट पाहत नाही. ते झाडावर चढून बेचक्यात बसतं, फांद्या आपल्याकडे ओढतं, मोडतं, खातं आणि मोडलेल्या फांद्या खाली दाबून ठेवतं. पानं गळल्यावर झाडात अडकलेला हा पसारा एखाद्या अवाढव्य घरट्यासारखा दिसतो. बीचच्या गुळगुळीत सालीवर तर नखांचे ओरखडे अनेक दशकं राहतात.

लिन रॉजर्स यांनी ईशान्य मिनेसोटात काळ्या अस्वलांच्या गळ्यात रेडिओपट्टे बांधून वर्षानुवर्षं त्यांचा माग काढला. १९८७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रबंधात दोन गोष्टी ठळक आहेत. उन्हाळा सरताना अस्वलं आपला नेहमीचा टापू सोडून कितीतरी दूर, फळं असतील तिथे जातात. आणि अन्न फसलेल्या वर्षानंतर जन्मणाऱ्या पिल्लांची संख्या घसरते. अस्वलाच्या लेखी ओकची टेकडी ही अशी कित्येक किलोमीटर चालून गाठायची जागा असते. वाटेत उद्यानाची हद्द लागते, रस्ता लागतो, मग वस्ती. ज्या वर्षी रानातली फळं फसतात, त्याच वर्षी अस्वलं कचऱ्याच्या डब्यांपाशी आणि बागांमध्ये जास्त दिसतात, हा उत्तर अमेरिकेत सगळीकडचा अनुभव आहे. अस्वल ‘बिघडलं’ असं वस्तीत म्हटलं जातं, तेव्हा त्याचं कारण बऱ्याचदा माथ्यावरच्या रिकाम्या फांद्यांत असतं.

आता या गणितात एक नवी वजाबाकी आली आहे. बीचच्या सालीला लागणारा रोग हा युरोपातून आलेल्या खवलेकिड्याचं आणि त्यामागून शिरणाऱ्या बुरशीचं जोडकाम आहे. हा किडा १८९० च्या सुमारास हॅलिफॅक्स बंदरातून कॅनडात शिरला आणि पश्चिमेकडे सरकत अल्गोंक्विनच्या बीचपर्यंत पोहोचला. फळणारे मोठे बीच त्याला आधी बळी पडतात. बीच जितका मागे हटेल, तितका अस्वलाच्या शरदाचा भार ओकवर येणार.

हरीण, मूस आणि लांडगा

ॲकॉर्नचं दुसरं मोठं गिऱ्हाईक म्हणजे पांढऱ्या शेपटीचं हरीण. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तोडीनंतर आणि आगींनंतर वाढलेल्या कोवळ्या झुडपांवर अल्गोंक्विनमध्ये हरणांची संख्या खूप वाढली होती. तेव्हा मूस मात्र क्वचित दिसे. कारण हरणाच्या मेंदूभोवतीच्या आवरणात राहणारा एक बारीक कृमी. हरणाला त्याचा त्रास होत नाही; पण गोगलगायींमार्फत तो मूसच्या पोटात गेला, की मज्जासंस्थेत शिरतो, आणि तो धिप्पाड प्राणी लडखडत, गोल गोल फिरत मरतो. जंगल पुन्हा दाट झालं, कडक हिवाळे आले, हरणं घटली आणि १९७० च्या दशकात मूसनं उचल खाल्ली.

ती इतकी, की १९८५ आणि १९८७ या दोन हिवाळ्यांत अल्गोंक्विनमधून एकूण ५९ मूस हेलिकॉप्टरला झोळीत टांगून, मग ट्रकनं, अमेरिकेच्या मिशिगन राज्यात नेऊन सोडण्यात आले. बदल्यात मिशिगननं ऑन्टारिओला जंगली टर्की दिल्या. ऑन्टारिओतून नाहीसा झालेला हा पक्षी १९८४ पासून पुन्हा वसवला जात होता, आणि आज प्रांताच्या दक्षिण भागात तोही ॲकॉर्न वेचताना दिसतो.

लांडग्यांची कथा याला जोडूनच येते. १९५० च्या दशकापर्यंत उद्यानाचे रक्षकच लांडगे मारत. हरणं वाचवण्याचा तोच मार्ग समजला जाई. १९५८ मध्ये डग्लस पिमलॉट यांनी इथे लांडग्यांचा अभ्यास सुरू केला आणि माणसानं घातलेल्या हाळीला लांडगे हाळी देतात, हे त्यांच्या चमूनं संशोधनाचं साधन म्हणून वापरलं. ऑगस्ट १९६३ मध्ये लोकांसाठी पहिली ‘हाळी’ ठेवली, तेव्हा शेकडो माणसं जमली. ज्याला मारण्यासाठी पूर्वी बक्षीस मिळे, त्याचा आवाज ऐकायला माणसं अंधारात मुकाट उभी राहू लागली. ऑन्टारिओत हे बक्षीस १९७२ मध्ये रद्द झालं.

तरी धोका संपला नव्हता. अल्गोंक्विनमधली हरणं हिवाळ्यात बर्फ कमी आणि आडोसा जास्त अशा जागी, उद्यानाच्या पूर्वेला राउंड लेकच्या परिसरात जमतात. लांडगे त्यांच्या मागे हद्दीबाहेर जात आणि तिथे गोळ्यांना नि फासांना बळी पडत. जॉन आणि मेरी थीबर्ज या दांपत्यानं अनेक वर्षं या मरणांची नोंद ठेवली. अखेर २००१ मध्ये उद्यानाभोवतीच्या तालुक्यांत लांडगे मारण्यावर बंदी आली आणि २००४ मध्ये ती कायम झाली. इथला लांडगा हा पूर्वेकडचा लांडगा, कॅनडात संकटग्रस्त गणला गेलेला. नकाशावरच्या रेषेत तो राहत नाही. हरीण जिथे जातं, तिथे जातो. ही गोष्ट धोरणात उतरायला एक शतकाहून अधिक काळ लागला.

पेरणारे

ब्रिटिश भूशास्त्रज्ञ क्लेमेंट रीड यांना १८९९ मध्ये एक कोडं पडलं. हिमयुग संपल्यावर ओक ब्रिटनच्या उत्तर टोकापर्यंत पोहोचला कसा? फळ जड, झाडाखालीच पडणारं. दर पिढीला काही मीटर सरकत राहिलं तरी उपलब्ध काळ पुरत नाही. त्यांनी उत्तर पक्ष्यांत शोधलं. कावळ्याच्या कुळातले रुक पक्षी बी नेत असावेत, असं त्यांचं म्हणणं होतं.

अमेरिकेत या प्रश्नाचं मोजमाप व्हर्जिनियातल्या ब्लॅक्सबर्ग गावी झालं. सुझन डार्ली-हिल आणि कार्टर जॉन्सन यांनी निळ्या जे पक्ष्यांवर पाळत ठेवली आणि १९८१ मध्ये निष्कर्ष छापले. पिन ओक जातीच्या ११ झाडांवरची सुमारे ५४ टक्के फळं, म्हणजे सव्वा लाखाहून अधिक ॲकॉर्न, सुमारे ५० पक्ष्यांनी महिन्याभरात उचलून नेली. सरासरी अंतर १.१ किलोमीटर. पक्षी घशात आणि चोचीत एका खेपेला अनेक फळं नेतो, किडकी बाजूला टाकतो, आणि एकेक फळ मोकळ्या जागी पाचोळ्याखाली दाबून ठेवतो. बी रुजायला हवं तसंच हे लावणं असतं. विसरलेली, किंवा परत यायला पक्षीच न उरल्यामुळे राहिलेली फळं ओक होतात. निळा जेही कावळ्याच्या कुळातलाच. अल्गोंक्विनवरची बर्फाची चादर ११-१२ हजार वर्षांपूर्वी हटली; त्यानंतर या टेकड्यांपर्यंत ओक आणण्यात अशा पक्ष्यांचा वाटा मोठा असला पाहिजे.

याच उद्यानात त्याच कुळातला दुसरा पक्षी उलट दिशेची गोष्ट सांगतो. कॅनडा जे हा उत्तरेचा. तो शरदात मांसाचे तुकडे, किडे, बेरी लाळेनं चिकटवून झाडांच्या सालीत हजारो ठिकाणी लपवतो आणि त्यावर हिवाळ्याअखेर, बर्फ असतानाच, पिल्लं वाढवतो. डॅन स्ट्रिकलंड यांनी १९६० च्या दशकापासून इथल्या कॅनडा जे पक्ष्यांच्या पायांत रंगीत कडी घालून कित्येक पिढ्यांचा माग ठेवला. अभ्यासाच्या टापूतले हे पक्षी निम्म्याहून अधिक घटले आहेत. शरद लांबला आणि उबदार झाला की लपवलेलं अन्न सडतं, असं स्ट्रिकलंड आणि टॉम वेट यांनी मांडलं. ज्या उबेनं ओकची फुलं वाचावीत, तीच ऊब कॅनडा जेचं कोठार नासवते.

सत्तर वर्षांची मोजणी

अशा गोष्टी एका मोसमात दिसत नाहीत. अल्गोंक्विनमध्ये १९४४ पासून वन्यजीव संशोधन केंद्र आहे. टोरांटो विद्यापीठाचे ब्रूस फॉल्स यांनी १९५२ मध्ये तिथे उंदीर-चिचुंद्र्यांसाठी जिवंत पकडणारे सापळे ठराविक रेषांत मांडले. प्राणी मोजायचे, खूण करायची, सोडायचे. हे काम पुढच्या पिढ्यांनी चालू ठेवलं. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात हरणउंदरांच्या संख्येतले चढउतार झाडांच्या बियांच्या, विशेषतः शुगर मेपलच्या, पिकाशी जोडलेले आढळले. बी भरघोस, तर उंदीर हिवाळा काढतात, आणि पुढच्या वर्षी त्यांची रेलचेल होते.

ओकच्या जंगलात ही साखळी माणसापर्यंत येते. न्यूयॉर्क राज्यातल्या मिलब्रुक इथे क्लाइव्ह जोन्स, रिचर्ड ऑस्टफेल्ड आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये दाखवलं, की ॲकॉर्नचं पीक वाढलं की उंदीर वाढतात. ते ओकची पानं फस्त करणाऱ्या स्पंजी पतंगाचे कोष खातात, म्हणून पतंगाला आळा बसतो. पण त्याच उंदरांवर आणि ॲकॉर्नसाठी आलेल्या हरणांवर गोचिड्या पोसतात आणि लाइम रोगाचा धोका वाढतो. झाडाचं दान असं एका खात्यात जमा आणि दुसऱ्यात खर्ची पडतं.

ऑन्टारिओतल्या उडत्या खारींनी तर हवामानबदलाचा पुरावाच दिला. आपल्या सह्याद्रीत शेकरू आणि उडती खार शेजारी राहतात. इथे उडत्या खारींच्याच दोन जाती आहेत. उत्तरेकडची बुरशी नि दगडफुलावर जगते, दक्षिणेकडच्या जातीला हिवाळ्यासाठी ओक-बीचची फळं लागतात. १९९० च्या दशकाच्या मध्यापासून सौम्य हिवाळ्यांत दक्षिणेकडची जात सुमारे २०० किलोमीटर उत्तरेला सरकली. मग २००३ मध्ये फळं फसली, पाठोपाठ कडाक्याचा हिवाळा आला, आणि ती जवळजवळ तितकीच मागे रेटली गेली. पण दरम्यान दोन्ही जातींचा संकर झाला होता. तो २०१० मध्ये जनुकीय तपासणीनं सिद्ध झाला. ऊब वाढली म्हणून प्राण्याला उत्तरेत घर मिळत नाही. घरात धान्यही लागतं.

आता समोर काय आहे

स्पंजी पतंग १८६९ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या मेडफर्ड गावी एका हौशी अभ्यासकाच्या घरातून निसटला. दीडशे वर्षांनी, २०२१ मध्ये, ऑन्टारिओत त्याच्या अळ्यांनी १७ लाख हेक्टरच्या आसपास जंगलाची पानं खाल्ली. ओक हे त्यांचं आवडतं झाड. एका वर्षीच्या हल्ल्यातून ओक नवी पानं काढून सावरतो, लागोपाठच्या हल्ल्यांनी थकतो, आणि फळ धरणं सोडून देतो. या अळ्यांवर एक विषाणू आणि एक बुरशी पडते आणि साथ आपोआप ओसरते. हिवाळ्यातली उणे तीस अंशांजवळची थंडीही अंडी मारते. बर्फाखालची मात्र वाचतात.

त्याहून गंभीर आहे ओकची मर. या रोगाची बुरशी झाडाच्या पाणी वाहणाऱ्या नळ्यांमध्ये वाढते. ती रोखायला झाड स्वतःच नळ्या बुजवतं आणि तहानेनं मरतं. पांढऱ्या गटातले ओक काही वर्षं तग धरतात. लाल ओक उन्हाळ्यात शेंड्याकडून कोमेजू लागला, की काही आठवड्यांत संपतो. जमिनीखाली शेजारी ओकची मुळं एकमेकांत जुळलेली असतात, त्यांतून बुरशी पुढच्या झाडात जाते. लांबचा प्रवास रसावर येणाऱ्या भुंग्यांवरून, आणि सर्वांत लांबचा माणसाच्या गाडीतून, जळाऊ लाकडातून होतो. अमेरिकेत ही मर अनेक दशकं आहे. कॅनडात ती २०२३ मध्ये पहिल्यांदा सापडली: नायगारा फॉल्समध्ये, आणि त्याच वर्षी बॅरी शहराजवळच्या स्प्रिंगवॉटरमध्ये. स्प्रिंगवॉटर टोरांटोच्या उत्तरेला आहे. म्हणजे रोग अल्गोंक्विनच्या रस्त्यावर आधीच पुढे आलेला आहे.

अल्गोंक्विनच्या मोठ्या भागात आजही नियंत्रित वृक्षतोड चालते. १९७५ पासून ती एक सरकारी महामंडळ करतं. या तोडीवर वाद आहेत आणि ते व्हायलाच हवेत. पण तोड करताना फळणारी झाडं राखून ठेवायची, हा नियम प्रांताच्या वनव्यवस्थापनात आहे. आणि ओकच्या रोपांना ऊन मिळावं म्हणून सावली विरळ करणं, काही ठिकाणी ताब्यातली आग लावणं, हे उपायही वनशास्त्रात मान्य आहेत. ऑन्टारिओच्या २०२० च्या बीजधोरणानं लागवडीसाठी दक्षिणेकडच्या, उबेला सरावलेल्या झाडांचं बी उत्तरेला आणायलाही वाट दिली आहे. निळा जे पक्षी जे काम हजारो वर्षं करत आला, ते माणूस घाईनं करू पाहतो आहे, कारण घाई त्यानंच आणली आहे.

सामान्य माणसाच्या हातात यातलं एक काम निश्चित आहे. टोरांटोच्या उपनगरांत कितीतरी घरांच्या मागच्या अंगणात लाल ओक आहे. त्याची छाटणी हिवाळ्यातच करायची. वसंतात आणि उन्हाळ्यात ताज्या जखमेवर भुंगे येतात. जूनमध्ये शेंड्याची पानं कोमेजून हिरवी असतानाच गळू लागली, तर कॅनडाच्या अन्नतपासणी संस्थेला कळवायचं. आणि शरदात मेपलचे रंग पाहायला जाताना शेकोटीचं लाकूड घरून न्यायचं नाही. उद्यानाजवळ स्थानिक लाकूड विकत मिळतं. जिथे घेतलं तिथेच ते जाळून संपवायचं. उरलेलं परत गाडीत घालायचं नाही.